चांदणीच्या बोनेटखालचं गंध

ती गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली, तो दिवस माझ्या नजरेसमोरून अजून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोकंही फोडून घेतलं. ते सगळं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं राहिलं, आणि त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला ठाणेदार होतो. शहरात एक फौजदारी वकील होते. नाव सांगत नाही. मूळचे देवळीकडचे, शेतकरी घरातले. ते कोर्टात उभे राहिले की माझ्या पंचांना घाम फुटायचा. आमच्या जमादाराला तर एकदा त्यांनी पंचनाम्यावरून असा सोलला की तो पिंजऱ्यातून उतरला तो थेट रजेचा अर्ज घेऊनच माझ्यापुढे आला. त्यांचं माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं असं म्हणा.

या माणसाला एकच वेड, जर्मन गाड्यांचं. त्या काळात देशी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे आणि परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य होतं. वकीलसाहेबांनी मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी डॉक्टरकडून एक छोटी जर्मन गाडी मिळवली होती. गोल पाठीची, मागे इंजिन असलेली. बेडकासारखी बसलेली दिसे म्हणून गावानं तिचं नाव ‘बेंडकी’ ठेवलं. ते देवळीला गेले की पारावरचे लोक गाडीभोवती गोळा होत.

“वकीलसायेब, इंजिन मांगं काऊन हाये? बैल तं समोर जुपतेत!”

“अरे, ही बैल जुपत नाही, मागून धक्का देते,” वकीलसाहेब मागचं झाकण उघडून दाखवत. “आन् पाणी लागत नाई हिले. हवेवर थंड होते.” कोर्टात घोटीव प्रमाण भाषा बोलणारा हा गृहस्थ गाडीजवळ आला की वऱ्हाडीवर यायचा. मुंबईच्या भंगार बाजारातून एखादा पार्ट मिळाला तर तो मांडीवर घेऊन आगगाडीनं यायचे, लहान मूल आणावं तसे.

पण खरा जीव अडकला होता तो मोठ्या गाडीत. बोनेटवर तीन टोकांची चांदणी असते, ती. कॉलेजात असताना कुण्या संस्थानिकाची तसली गाडी त्यांनी नागपूरला पाहिली होती आणि तेव्हापासून मनात घेतलं होतं. बरीच वर्षं थांबले. शेवटी नागपूरच्या एका दलालानं तशीच काळी, चकचकीत गाडी दाखवली. वकीलसाहेबांनी देवळीचं ओलिताचं वावर विकलं आणि गाडी घरी आणली. गाव तिला ‘चांदणी’च म्हणू लागलं. त्यांच्या मंडळींनी दारात ओवाळताना सगळ्यांसमोर म्हटलं, “सवत आणाची तं अशी आणाव बाई, मलेही बसाले जागा हाये.”

दसऱ्याला त्यांनी ती धुऊनपुसून झेंडूनं अशी मढवली की लोक सोनं द्यायला आले ते गाडीच पाहत बसले. मीही गेलो होतो. शपथेवर सांगतो, इतकी देखणी वस्तू मी जवळून कधी पाहिली नव्हती. दरवाजा लावला तर आवाज कसा, जाड पुस्तक मिटल्यासारखा.

दिवाळी सरली आणि माझा नागपूरचा एक खबऱ्या बसस्टँडवर भेटला. चहाचा कप तोंडाला लावत म्हणाला, “साहेब, वकिलाची चांदणी चोरीची हाये. दलाल पक्का चालू हाये. एवढंच मालूम हाये मले.”

आता खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आमच्या खात्यात ‘शौकीन’ हा शब्द चांगल्या अर्थी वापरत नाहीत. अहवालात ‘सदर इसम शौकीन आहे’ असं लिहिलं की वाचणारा समजून घेतो, या माणसाच्या मागे काहीतरी लफडं आहे. जमादार तर हात चोळत म्हणाला, “साहेब, आता आपण पिंजऱ्याच्या ह्या बाजूले!”

स्टेशन डायरीला नोंद केली आणि वकीलसाहेबांना चौकशीला बोलावलं. ते चांदणी घेऊनच आले. मी कलम चारशे अकराचं नाव काढलं, चोरीचा माल जवळ बाळगणं. ते शांतपणे म्हणाले, “कागद पाहा.” कागद पाहिले. नागपूरच्या एका व्यापारी घराण्याची गाडी, पहिल्यापासून तिथेच, रंग काळा. इंजिनाचा नंबर जुळला, चेसिसचा जुळला. परिवहन कार्यालयाकडून विचारून घेतलं, तिथेही नोंद बरोबर. माझ्या हातात खबऱ्याच्या एका वाक्याशिवाय काही उरलं नाही.

“जाऊ शकता,” मी म्हणालो. जमादाराचं तोंड उतरलं.

वकीलसाहेब दारापर्यंत गेले आणि थांबले. “साहेब, नागपुरात त्या दलालाकडे दहा गाड्या उभ्या असतात. तुमच्या माणसानं माझ्याच गाडीचं नाव काऊन घेतलं?”

मी डायरी मिटली. ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेत होतो, तर चांदणी पुन्हा आवारात. वकीलसाहेब खाली उतरले. चेहरा असा की घरात कुणी गेलं असावं. मला हाताला धरून त्यांनी गाडीजवळ नेलं आणि बोनेट वर केलं.

“हे पाहा.”

बोनेटच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक चौकोन होता. बाकी सगळं काळं, तेवढा चौकोन मात्र सायीच्या रंगाचा. त्यावर जुन्या, वाळलेल्या गंधाच्या तीन आडव्या रेघा, मधोमध एक ठिपका. शेजारी ताज्या कुंकवाचा स्वस्तिक.

“स्वस्तिक माझा, दसऱ्याचा,” ते म्हणाले. “रेघा आधीच्या मालकाच्या. मी पूजा केली तेव्हा पाहिल्या होत्या. वाटलं, भाविक माणूस असेल. त्याच्या देवाशेजारी आपला देव मांडला. साहेब, आयुष्यभर मी साक्षीदारांना उलटतपासणीत फाडत आलो. हिला मात्र एक प्रश्न विचारला नाही. काल घरी जाऊन विचारला.”

“म्हणजे?”

“कागद म्हणतो, पहिल्यापासून काळी. मग हा चौकोन सायीचा कसा? गाडी मुळात सायीच्या रंगाची होती, नंतर काळी केली. आणि कागद म्हणतो, नागपूरचं व्यापारी घराणं. ती माणसं स्वस्तिक काढतील, शुभ-लाभ लिहितील. हे तीन पट्ट्यांचं गंध दक्षिणेकडचं. ही गाडी हिंगणघाटच्या रस्त्यानं वर आलेली आहे, हैदराबादेकडून. लिहून घ्या माझा जबाब.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. नंबर जुळले होते. परिवहनची नोंद होती. मी त्यांना सोडून दिलं होतं. एक ओला फडका आणि वर काळ्या रंगाचा एक हात फिरवला असता तर त्या तीन रेघा आणि तो चौकोन दोन्ही गेले असते आणि ब्रह्मदेव आला असता तरी गाडी त्यांच्याकडून निघाली नसती. हे त्यांच्याइतकं वर्ध्यात कुणालाच कळत नव्हतं.

“वकीलसाहेब, विचार केलाय ना? गाडी जाईल.”

“मालूम हाये न जी मले!” ते एकदम ओरडले. मग आवाज बसला. “पण कोण्या तरी माणसाची हाये ना ती. तोही माझ्यासारखाच बसला असन उपाशी.”

मी जबाब लिहून घेतला. जप्ती पंचनामा केला. चांदणी मुद्देमाल झाली.

आमच्या आवारात मुद्देमालाच्या गाड्यांचं काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. टायर बसतात, सीटवर कोंबड्या अंडी घालतात. चांदणी कडुनिंबाखाली उभी केली होती. वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी कोर्टात जाण्याआधी काळ्या कोटात हजर.

“जमादार, झाडाखालून काढा तिला. चीक पडतो, रंग खातो. आणि वर पाखरं आहेत.”

“मुद्देमाल हलवता येत नाई, वकीलसायेब. तुमीच तं शिकवलं मले, भर कोर्टात.”

वकीलसाहेब खरोखर हसले, त्या प्रकरणात पहिल्यांदाच. मी लेखी हुकूम देऊन गाडी व्हरांड्याच्या छपराखाली घेतली. मुद्देमालाला हात लावायला त्यांना मनाई होती, म्हणून ते गाडीभोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभे राहून सूचना देत आणि जमादार मऊ फडक्यानं पुसत असे. “घासू नका, नुसतं फिरवा. कपाळावरून हात फिरवता ना, तसं.” पहिल्या दिवशी जमादार शिव्या पुटपुटत होता. आठवडा उलटला तसा तो स्वतःच घरून धुतलेला फडका आणू लागला, आणि शिपायानं गाडीला पाठ टेकली की “अबे, दूर हो!” म्हणून खेकसू लागला.

तिकडे दलालाला नागपूरहून उचलून आणला. पांढरेशुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या, तोंडात विडा. दोन बैठका झाल्या, पठ्ठ्या हलला नाही. “साहब, कागज देखो. नंबर देखो.” धमकावून काही निघणार नव्हतं. कागद ज्यानं बनवलेत त्याला कागदांबद्दल काय विचारायचं? म्हणून मी गाडीचं सोडलं आणि रंगाचा माग काढला. नागपुरात स्प्रेचं असं सफाईदार काम करणारे मोजकेच मिस्त्री होते. जमादार चार गॅरेजं फिरला आणि एका वयस्क मिस्त्रीला घेऊन आला. दलालाला समोर बसवून ठेवलं होतं. मी मिस्त्रीला व्हरांड्यात नेऊन बोनेट दाखवलं, परत आत आणलं आणि साधा प्रश्न विचारला.

“काम छान केलंस. मग तेवढा चौकोन का सोडला?”

मिस्त्रीला प्रश्नच कळेना. “साब, टीका है ना भगवान का. उसपे स्प्रे मारता क्या कोई? मैंने कागज चिपकाके बाजू से मारा.”

दलाल खुर्चीतून उसळला. “तेरेकू बोला था ना पूरा मार करके! अकल नहीं है तेरेकू?”

 दलालाचा विडा तोंडातच राहिला. जमादार हळूच म्हणाला, “घ्या साहेब, कबूल झाला.”

पुढचं सगळं घडाघडा आलं. अपघातात संपलेल्या तसल्याच काळ्या गाडीचे कागद घ्यायचे, चोरीच्या गाडीवरचे नंबर घासून त्या कागदांवरचे ठोकायचे, रंग बदलायचा. आम्ही हैदराबादला बिनतारी संदेश पाठवला. तिकडे सायीच्या रंगाच्या एका गाडीची चोरीची फिर्याद होतीच. फिर्यादी एक वृद्ध, निवृत्त डॉक्टर.

कोर्टात गाडीच्या ताब्याचा अर्ज निघाला त्या दिवशी वकील मंडळींनी खोली भरली होती. कायद्यानं पाहिलं तर वकीलसाहेब प्रामाणिक खरेदीदार होते. बंधपत्र देऊन खटला संपेपर्यंत गाडी मागता आली असती, आणि खटला किती वर्षं लांबवायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं, “ताबा मूळ मालकाला देण्यास आपली हरकत?”

वकीलसाहेब उभे राहिले.  ज्या माणसानं त्या खोलीत तासन्‌तास भाषणं ठोकली, तो टेबलाची कड धरून उभा. न्यायाधीश थांबले. अखेर वकीलसाहेब म्हणाले, “हरकत नाही.” आणि बसले. 

डॉक्टर पत्नीला घेऊन गाडी न्यायला आले. काळा रंग पाहून बिचारे भांबावले. “ये मेरीच गाडी है क्या?” मग आत बसले, गाडी सुरू केली आणि कान देऊन ऐकत राहिले. “इत्ता अच्छा तो ये कभी नई चलती थी. कौन किया इसका काम?”

जमादारानं वकीलसाहेबांकडे बोट दाखवलं. डॉक्टर उतरले, बोनेट उघडलं आणि थबकले. त्यांच्या तीन रेघा होत्या तिथेच होत्या. शेजारी कुंकवाचा स्वस्तिक.

“ये किसका?”

“मेरा,” वकीलसाहेब म्हणाले. “दसरे को किया था. पोंछ देता हूं.” त्यांनी खिशातून रुमाल काढला.

डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. “नक्को. दोनों रहने दो.” मग किल्ली पुढे केली. “एक बार चलाव. हिंगणघाट तक चलो हमारे साथ.”

वकीलसाहेबांनी किल्लीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. “नहीं डॉक्टरसाहब. चलाई तो वापस नहीं दे सकूंगा.”

गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि दिसेनाशी झाली. वकीलसाहेबांनी मला बेंडकीत बसवलं, घरी चहाला म्हणून.  मग एकाएकी माझ्याकडे न पाहता म्हणाले, “साहेब, हिचीही खबर असन कोणाची तं आजच सांगून टाका. दोन दोनदा नाई होत.” मी हसलो. ते डोळे पुसत होते.

चांदणी पुन्हा त्यांनी घेतली नाही. दलालाकडून वावराची भरपाई व्हायला कोर्टातच वर्षं गेली. बेंडकी मात्र माझी बदली झाली तरी तशीच चकाकत होती, आणि माझ्या पंचांना त्यांनी पूर्वीसारखंच सोलणं चालू ठेवलं. त्यात सवलत नाही मिळाली.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या कुणी अहवालात ‘इसम शौकीन आहे’ असं लिहून आणलं की मी कागद परत करत असे. कशाचा शौक आहे ते लिहा, म्हणायचो, आणि ती वस्तू दुसऱ्याची निघाली तर हा माणूस स्वतःहून आणून देईल का, तेही पाहून या. नवे फौजदार गोंधळून जायचे. जमादार मात्र कोपऱ्यातून म्हणायचा, “साहेब, तसा एकच पाह्यला आपण. आन् त्याची गाडी मीन पुसली हाये.”