मोठ्या मायच्या वर्षश्राद्धाला आम्ही दवाखान्यात

आज मोठ्या मायचं वर्षश्राद्ध आहे आणि तिची सख्खी लेक घरी नाही.

मंगरूळपीरजवळ आमच्या गावात पंगत बसली असेल. ताई, म्हणजे तीच लेक, न् मी अकोल्याच्या दवाखान्यात, बाकड्यावर. तिचा नंबर यायचा आहे, तोवर टाइप करून राह्यलो.

मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची, बायको.

दहावीनंतर मी घरी टिकलोच नाही. नाशिकला द्राक्षं, सुरतला साड्या, मधेच गोव्यात हॉटेलात भांडी. परत आलो की पहिले तिच्या चुलीपाशी.

"आला का रे भटक्या? पाय धू पहिले."

मग भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी. अंबाडी गोव्यातपण मिळते म्हणे, मला नाही दिसली. असो.

एकदा आलो तर ती चुलीपाशी नव्हती. ओसरीत वेगळ्या सतरंजीवर बसलेली. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, लांबून ताट सरकवत होती.

"हिले काय झालं?"

वहिनी पदराआड हसली. "बाजूले बसल्या. म्हातारपणी जवानी आली!"

साठीच्या पुढची बाई. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली.

आणि घरात सगळ्यांना आठवलं काय, तर नियम. देवाला शिवू नको, चुलीला शिवू नको.

रक्त परत काहून आलं, हे कोणाच्याच डोक्यात नाही. तीपण गुमान बसायची, डोक्यावरून पाणी घेऊन परत कामाला लागायची. असं कित्येक महिने चाललं.

मानोऱ्याहून ताई आली, तिनं ऐकलं, आणि मायला ओढतच अकोल्याला आणलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, बारीक नळी टाकून गर्भपिशवीच्या अस्तरातल्या थोड्या पेशी काढू, तपासायला पाठवू.

मोठ्या मायनं विचार केला.

"म्हंजे बाजारात पोत्याले सळई टोचून सोयाबीन पाह्यतात, तसं?"

"अगदी तसंच."

"मंग टोचा. पण भाव चांगला लावजा माह्या पोत्याले."

डॉक्टरबाई मास्क खाली करून हसल्या.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला.

पिशवी काढली, रेडिएशनचे शेक दिले. मधे बरी होती तेव्हा माझ्या गाडीवर बसून दर्ग्याजवळ भजी खायला आली होती. सारखं "हयू चालव, पाडशीन", आणि समोर बैलगाडी आली की "काढ ना पुढं, झोपला का?"

त्या पेशींची मॉलिक्युलर टेस्टपण झाली. मला समजलं ते एवढंच, की पेशींच्या आतली खूण पाहून हा कॅन्सर कोणत्या प्रकारचा ते कळतं. तिचा घराण्यात उतरणारा वाटला. म्हणून तिचं रक्त तपासलं, मग ताईचं.

दोघींच्या जनुकांत एकच दोष.

डॉक्टरबाईंनी ताईला समजावलं, दोष म्हणजे आजार नाही. पण दरवर्षी पिशवीच्या अस्तराचा नमुना द्यायचा.

आईसाठी धावणारी ताई स्वतःचं नाव निघालं की, "सोयाबीन निघू दे." "पोराची परीक्षा होऊ दे."

गेल्या महिन्यात तिलाही मधेच अंगावरून गेलं. मग तारीख घेतली. मिळाली ती आजची.

दादाचा, म्हणजे तिच्या भावाचा, तिला फोन आला. "तारीख बदलून घे ना वं. लोकं काय म्हणतीन?"

"माय काय म्हटली असती, ते सांग."



"जा," दादा म्हणाला.

...

नाव पुकारलं. हातातली पिशवी माझ्याकडे देऊन ताई आत गेली.

...

आत्ताच बाहेर आली. पोट धरलेलं, डोळे ओले.

"दुखलं का?"

"माय मले म्हणे, मुंगी चावल्यावाणी होते. खोटारडी कुठली!"

आणि हसली. रडत रडत हसली.

रिपोर्ट यायचा आहे.

मोठे माय, तुझ्या लेकीनं नमुना दिला. आज आमच्याकडून हीच श्रद्धांजली.