ढिल्या खटक्याचा चाकू

डिंडोलीतल्या त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझ्या उजव्या हाताची चार बोटं आपोआप आत वळतात.

मी तेव्हा सुरतेत फौजदार होतो. प्लेगची धावपळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. नोकरीत मी इतके चाकू जप्त केले, की सगळे वितळवले असते तर तापीवर आणखी एक पूल उभा राहिला असता. आमचे जमादार गुजराती, सरळ माणूस. ते म्हणायचे, "साहेब, पूल पछी बांधजो. पहेलां मुद्देमालच्या खोलीचा दरवाजा उघडत नाही, त्याचं काही करो."

असे किस्से मी रोज सांगायचो आणि संपू द्यायचो नाही. कुटुंब मुलांच्या शाळेपायी नंदुरबारला. क्वार्टरवर गेलो की रेडिओ, आणि रेडिओ कोणाचं ऐकून घेत नाही. म्हणून ड्यूटी संपली तरी मी ठाण्यातच रेंगाळायचो. शिपाई मला कामसू समजायचे. समजू दिलं.

एके दिवशी सकाळी साडेसातला अख्खी चाळ ठाण्यात शिरली. मध्यभागी चाळिशीचा एक यंत्रमाग कामगार, उजव्या हाताला रक्ताने थबथबलेला गमछा. नाव लिहीत नाही. आपण त्याला रात्रपाळीवाला म्हणू. त्याच्या खोलीतला सोबती दिवसपाळीवाला. दोघेही खानदेशातले, खोली एक, खाट एक. एक कामावर गेला की दुसरा त्याच खाटेवर झोपायचा. सहा वर्षं खाट गार झाली नव्हती.

फिर्याद अशी, की रात्रपाळीवाला कामावरून आला, सोबत्याने स्वतःच्या चाकूने वार केला, याने पातं हाताने धरलं. सिव्हिलच्या डॉक्टरांनी चारही बोटांच्या शिरा तुटल्याचं लिहून दिलं. खाटेखाली रक्ताळलेला घडीचा चाकू मिळाला. पंचनामा केला आणि धारदार हत्याराने गंभीर दुखापतीचं कलम ३२६ लावलं.

दिवसपाळीवाल्याचं आठव्या दिवशी गावी लग्न. लग्नानंतर तो बायकोला घेऊन कडोदऱ्याला राहायला जाणार होता. त्या दिवशी खरेदीसाठी त्याने रजा घेतली होती. दुपारी तो परत आला तेव्हा बगलेत साडीचा पुडा होता. पुड्यासकट ताब्यात घेतला.

"साहेब, मी उजाडताच निघालो होतो. हा चाकू मी बघितलेलाच नाही."

"निघताना कोणी पाहिलं?"

"कोण बघणार? सगळे झोपेत."

जमादार म्हणाले, "साहेब, सीधो केस छे." केस सरळच होता. चार दिवसांत सुटला नाही तर मुलीकडचे दुसरा मुलगा बघणार, हेही तितकंच सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी खानावळवाली मावशी आली. दोघांचाही डबा तिच्याकडे. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, हे दोघं भांडले म्हणता? भांडतील कधी? एक डोळे चोळत उठतो तेव्हा दुसरा डोळे मिटतो. सहा वर्षांत दोघांना एका पंगतीला मी एकदाही वाढलं नाही."

"माणूस मनातल्या मनातही भांडतो, मावशी."

"मग चाकूपण मनातल्या मनात मारतो," म्हणाली आणि गेली. अशी माणसं खात्यात असती तर आमच्यासारख्यांना घरी बसावं लागलं असतं.

मी सिव्हिलमध्ये जाऊन जखम पुन्हा पाहिली. चार बोटांच्या आतल्या बाजूला एका रेषेत काप, आणि अंगठा कोराच. येणारं पातं मुठीत धरणाऱ्याचा अंगठा इतका नशीबवान क्वचितच निघतो. ठाण्यात येऊन चाकू पाहिला. पातं उघडलं तर 'खट्' असा भरीव आवाज येण्याऐवजी आजारी माणसाच्या खोकल्यासारखा आवाज आला. पातं उघडं धरून ठेवणारा खटका जिथे बसतो ती खाच झिजलेली, वर तिच्यात मागाचा बारीक कचरा. पात्याची पाठ टेबलावर जरा दाबली आणि चाकू मिटला. माझी बोटं वाटेत नव्हती म्हणून हे लिहू शकतो.

घडीचा चाकू घेताना दहातले नऊजण धार बघतात. अंगठा फिरवतात, कागद कापतात, खूश होतात. धार कोणीही लावून देईल. बघायचा तो खटका. पातं उघडल्यावर डाव्या-उजव्या बाजूला हलतं का, खटका खाचेत पूर्ण उतरतो का, आणि बोटं बाजूला ठेवून पाठीवर दाब दिला तर टिकतो का. खटका ढिला असला की चाकू धरणाऱ्यालाच चावतो.

शंका मात्र कोर्टात चालत नाही. मी बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून पाच चाकू मागून आणले. दोन मुद्दाम ढिल्या खटक्याचे. कोठडीतून दिवसपाळीवाल्याला बोलावलं.

"मला फळं कापायला एक घ्यायचाय. निवड."

त्याला वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं. तरी त्याने पाचही उघडले, अंगठा फिरवला आणि ढिल्यातलाच एक पुढे केला. "हा घ्या. धार मस्त आहे."

संध्याकाळी रात्रपाळीवाल्याला जबाबावर सही करायला बोलावलं. उजव्या हाताला बँडेज. तेच टेबल, तोच प्रश्न. त्याने डाव्या हाताने एकेक चाकू उघडला. धारेकडे पाहिलंसुद्धा नाही. पात्याची पाठ टेबलाच्या कडेला लावली, मुठीवर नुसता तळवा ठेवला, बोटं ताठ बाहेर, आणि दाबलं. दोन मिटले. ते त्याने इतके दूर सरकवले की एक खाली पडला.

"हा घ्या, साहेब. याचा खटका धरतो."

"धार नाही पाहिलीस?"

"धारेचं काय. ती लागतेच."

मी खुर्ची पुढे ओढली. "अरे, वार झेलणाऱ्याला खटका ढिला की घट्ट, हे कळतच नाही. ते कळतं फक्त मूठ धरणाऱ्याला."

त्याने खाली पडलेला चाकू डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला.   मग तो बोलला.

"त्याची पेटी बांधलेली दिसली, साहेब. सहा वर्षं त्याचे कपडे खुंटीला होते. खोलीत आलो की दिसायचे. वाटे, कोणी आहे. म्हटलं, पेटी उघडतो, कपडे परत खुंटीला लावतो. पुन्हा भरायला त्याला दोन दिवस तरी लागतील. कुलपाच्या कोयंड्यात माझा चाकू घालून पाठीने वर उचकटलं, अन् तो मिटला."

"मग त्याचं नाव का घेतलंस?"

"लोक जमले. कोणी मारलं, कोणी मारलं, सगळे विचारत होते. इतकी माणसं माझ्याशी कधी बोलली नव्हती. दुसरं नाव माले येतच नव्हतं, साहेब."

पंच घेऊन खोलीवर गेलो. पहिल्या पंचनाम्यात कोणी न पाहिलेल्या पेटीच्या कोयंड्यावर ताजा ओरखडा होता आणि खाली वाळलेले थेंब. आरोपीविरुद्ध पुरावा नाही, असा १६९ चा रिपोर्ट कोर्टात पाठवला. खोट्या फिर्यादीबद्दल कारवाई करू का, असं दिवसपाळीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "त्याची बोटं गेली, साहेब. आता तो धाग्याला गाठ मारणार कशाने? राहू द्या." वरिष्ठांना मी काय लिहिलं ते इथे सांगत नाही; पेन्शन चालू आहे.

कागद होईपर्यंत दोघे एकाच बाकावर दोन तास बसले.  मध्येच दिवसपाळीवाला म्हणाला,

"गादी डाव्या अंगाला दबलीय. तू त्या कुशीवर झोपतोस का?"

"नाही रे. मी समजायचो, तू."

"मग आपल्या आधीचा कोणी असेल."

दोघे हसले. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलमध्ये डोकं घातलं.

"लग्नाला ये."

"बघतो," रात्रपाळीवाला म्हणाला आणि बँडेजकडे पाहत राहिला.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. मावशी जाऊन आली. तो गेला नव्हता. पंधरा दिवसांनी दुपारी मी खोलीवर गेलो. खुंटीवर अनोळखी शर्ट, खाटेवर अनोळखी माणूस. हलवून विचारलं, आधीचा कुठे गेला?

"मला नाही माहीत, साहेब. रात्री झोपतो त्याला विचारा."

"तो कोण?"

"अजून भेट नाही झाली," म्हणून त्याने कूस बदलली.

या प्रकरणापासून दोघांच्या भांडणात 'कशावरून' हा प्रश्न मी दुसरा ठेवला. पहिला प्रश्न, 'शेवटचं बोलणं कधी झालं?' पुष्कळदा त्यावरच तपास संपायचा. पण आरोपीला विचारायचा प्रश्न स्वतःला विचारायची सवय आमच्या खात्यात नाही.

त्या दुपारी मी खोलीतून निघालो तो थेट उधना स्टेशनवर, आणि नंदुरबारची गाडी पकडली. दार उघडून बायको घाबरली. "काय झालं? एकदम असे?"

"काही नाही. बोलायला आलो."

ती समोर बसली. म्हणाली, "बोला."

चाकूंचे पूल बांधणारा मी, मला पहिला शब्द सुचेना.