जिप्सीच्या मागचा वाघ

भाच्यानं नागपूरहून तो व्हीआर हेडसेट आणला, त्या दिवसापासूनच मी त्याला शत्रू मानला, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्याच्याबद्दल जे काही चांगलं बोलेन, ते माझ्या मोठ्या मनाचं लक्षण समजावं.

माझी तेव्हाची स्थिती अशी. उभा जन्म आलापल्लीच्या सागवान डेपोत लाकडं मोजण्यात गेला. बायको गेली, मी रिटायर झालो, आणि मोहर्लीला बहिणीच्या पोराकडं येऊन राहिलो. त्यानं घराला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. पाहुणे जिप्सीत बसून ताडोबात जातात. ज्यांना वाघ दिसतो ते परत येऊन मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. ज्यांना दिसत नाही ते भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडतात. या दुसऱ्या जातीच्या पाहुण्यांना सायंकाळी अंगणात बसवून तोंडानं वाघ दाखवणं, हे माझं काम. पगार नाही, चहा पाहिजे तेवढा.

माझ्या वाघाला आजवर कोणी नावं ठेवली नाहीत. तरुणपणी आलापल्लीच्या जंगलात मी तो पाहिला, तेव्हा तो साधारण वाघाएवढाच होता. पण प्रेमानं सांभाळलं की जनावर वाढतंच. मागच्या हंगामात त्याचं शेपूट रस्त्याच्या या कडेला आणि मिशा त्या कडेला होत्या, आणि अडलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न द्यायच्या ऐवजी इंजिन बंद करून डबा सोडला होता.

तर भाच्यानं हेडसेट टेबलावर ठेवला आणि मायेनं म्हणाला, "मामा, आता तुमाले आराम. रोज रोज घसा फोडाची गरज नाई."

"मले कायले पायजे आराम?"

"बीपी वाढून राह्यलं ना तुमचं. ताई कवापासून बलावून राह्यली. जा गडचिरोलीले. तिथी दवाखाना जवळ हाय."

ताई म्हणजे माझी मुलगी. जीव लावते. पण नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, सकाळी दार ओढून जातात ते दिवेलागणीला उगवतात. मधल्या वेळात त्या घरात बोलायला एक फ्रीज आहे, आणि तो समोरच्याला बोलूच देत नाही. हा चष्मा पाहुण्यांना पसंत पडला तर पुढच्या सोमवारी आपण चंद्रपुरात गाडी बदलून गडचिरोलीला पोचलेले असू, हे मला तिथंच कळलं. म्हणून म्हटलं, आधी शत्रू नीट पाहून घेऊ.

भाच्यानं मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि ते यंत्र डोक्याला आवळलं. कुठल्याशा जंगलात जिप्सीच्या मधोमध कॅमेरा ठेवून चारी बाजूंनी काढलेली फिल्म होती. समोर रस्ता, मान वळवली की बाजूला झाडं, वर आभाळ. जिप्सी चालली. चितळं दिसली. एक वळण घेऊन गाडी पाणवठ्यावर थांबली आणि पलीकडून वाघीण उतरली.

खोटं बोलायची मला सवय नाही. मी गप्प झालो. टीव्हीतली वाघीण काचेत असते, ही माझ्या आणि भिंतीच्या मधे होती. वाघीण असते तेवढीच, बोटभरही जास्त नाही. वाकली तेव्हा खांद्याची हाडं कातडीखाली सरकताना दिसली. पाणी पिण्याचा लपलप आवाज डाव्या कानाजवळून आला. मी पाय खुर्चीवर घेतले. भाच्याची बायको सांगते की मी "अगं माय" म्हणून ओरडलो. तिचं सगळंच बोलणं खरं धरायचं नसतं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आपण इतकी वर्षं जे हातवारे करून, डोळे मोठे करून, खोकला काढून दाखवतो, ते या डब्ब्यानं ब्र न काढता दाखवलं.

पण चार दिवस सोबत राहिलं की कोणाचेही गुण कळतात. एक तर सगळं मच्छरदाणीतून पाहिल्यासारखं दिसायचं, बारीक जाळी मधे. तोंडावर वजन असं, की कोणीतरी पाटा बांधून वर वरवंटा ठेवावा. आमच्या चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात डाससुद्धा सावली धरून उडतात, तिथं त्या गादीखाली एवढा घाम यायचा की वाघीण पाण्याबाहेर असतानाच बुडायची. वळणावर जिप्सी फिरायची आणि खुर्ची जागची हलायची नाही, त्यामुळं एका धडधाकट पाहुण्याच्या पोटातली झुणका-भाकर वर आली. उभं राहून खेळायचा दुसरा एक खेळ होता, त्यासाठी जमिनीवर आपल्याभोवती रेघ आखायची. रेघेच्या आत तुम्ही सुरक्षित. ही गोष्ट कोंबड्यांना कोणी सांगितली नव्हती. शेजारची बकरी तर मागून आली आणि मी हवेतल्या शत्रूवर उगारलेला हात तिच्या शिंगावर बसला.

भाच्याच्या बायकोनं तो चष्मा एकदाच लावून पाहिला. पट्टा अंबाड्यावर बसेना, खाली ओढला तर नाकावर येईना.

"मामाजी, हे ज्यानं बनवलं त्याच्या घरी बाईमाणूस नाई काय?" ती म्हणाली. काढला तेव्हा तिचं कुंकू गादीला लागलं होतं, आणि पुढचे दोन पाहुणे कपाळावर सौभाग्य घेऊन जेवायला बसले.

तरी पाहुणे खूश होते. भाच्यानं माझी बॅगसुद्धा माळ्यावरून काढून पुसून ठेवली. मी सायंकाळी अंगणात यायचो, पण माझ्याकडं कोणी वळायचं नाही.

रविवारी पुण्याचे साहेब, त्यांची बायको आणि साहेबांची म्हातारी मावशी, असे तिघं सफारीहून कोरडे परतले. वाघाचा पंजासुद्धा दिसला नव्हता. भाच्यानं लगेच साहेबांच्या डोक्याला हेडसेट चढवला. आणि तेव्हा मला त्या यंत्राची खरी गोम दिसली. ते एकाच माणसाचं होतं. साहेब एकटेच जंगलात गेले आणि दोघी बायका अंगणात त्यांचं उघडं तोंड पाहत बसल्या.

"काय दिसतंय?" बायकोनं विचारलं.

"थांब गं."

"अरे पण काय?"

"थांब म्हटलं ना!"

माझ्यानं राहवलं नाही. फिल्म मला पाठ होती. "बाई, आता साहेब वळणावर हायेत," मी म्हटलं. "आता पाणवठा. आता वाघीण खाली उतरून राह्यली." दोघींनी खुर्च्या माझ्याकडं ओढल्या. खुर्च्यांचा तो आवाज ऐकून मला काय झालं कोण जाणे. मी आवाज खाली आणला. "साहेब, तुमी बिलकूल मागं वळून पाहू नका."

साहेब अर्थातच वळले. पण तोवर फिल्म संपत आली होती.

"मागे काही नाही हो," हेडसेट काढत ते म्हणाले.

"उशीर केला साहेब. जिप्सीच्या मागं बांबूत नर होता. सारे लोक समोरच्या वाघिणीले पाहून राह्यले, आणि तो त्यायले पाहून राह्यला."

"अहो, काही नव्हतं!"

"तू कधी मागे बघतोस?" बायको म्हणाली. "गाडी रिव्हर्स घेतानासुद्धा बघत नाहीस."

मग चष्मा लावून ती जंगलात गेली. तेवढ्यात मी साहेबांना तो नर किती मोठा ते सांगितलं. बाई चष्मा काढून म्हणाली, "काहीतरी हललं खरं." साहेब पुन्हा चष्म्यात शिरले. भाचा चहाचा ट्रे घेऊन माझ्याकडं डोळे वटारत उभा. यंत्र चारी बाजूंनी दाखवतं हा त्याचा मोठा गुण, पण माणसाला डोळे पुढच्याच बाजूला आहेत. उरलेली बाजू माझी.

शेवटी मावशी म्हणाल्या, "मला द्या बघू."

त्यांनी चष्मा लावला आणि समोर पाहिलंच नाही. पहिल्यापासून खुर्ची फिरवून उलट्या बसल्या. वाघीण आली, पाणी प्यायली, गेली. मावशी त्यांच्याच जंगलात. आता या बाहेर येऊन नाही म्हणणार, आणि सोमवारची एसटी पक्की.

मावशींनी हेडसेट सावकाश काढून मांडीवर ठेवला. "आहे की," त्या म्हणाल्या. "पण हे म्हणतात तसा उभा नव्हता. बसला होता."

"बसलेला?" साहेब म्हणाले.

"उभा राहिला असता तर बांबूच्या वर डोकं गेलं असतं. डावा कान फाटलाय त्याचा. जुनी जखम. माशी बसली की तेवढाच कान हलवतो, दुसरा हलवत नाही."

साहेबांनी झडप घालून हेडसेट घेतला, तर लाल दिवा लागून तो मेला होता. बॅटरी नेहमीसारखी मधेच संपली. इतके दिवस मी त्या बॅटरीला शिव्या दिल्या, त्या मनातल्या मनात परत घेतल्या.

मग पुढचा सगळा वेळ मावशी बोलत होत्या. भाचा ट्रे घेऊन उभाच. मी खुर्चीत मागं टेकून ऐकत होतो. कितीतरी वर्षांनी मी दुसऱ्या कोणाचा वाघ ऐकला असेल. थंड झालेला चहासुद्धा छान लागला.

पहाटे चार्जिंग झाल्याबरोबर मी चष्मा लावून उलटा बसलो. बांबूचं बेट होतं. मागं उडालेली धूळ हळूहळू खाली बसत होती. कान नव्हता, फाटका नाही की धड नाही. फिल्म पुन्हा लावली, पुन्हा तीच धूळ.

पाहुण्यांचं सामान गाडीत चढत होतं तेव्हा मी मावशींना बाजूला गाठलं. "बाई, तो कान खरंच दिसला काय तुमाले?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाला नाही दिसला? मग काल तुम्ही सांगत काय होतात?"

आणि गाडीत बसून काच वर घेतली.

साहेबांनी मात्र जाता जाता भाच्याला सांगून पुढच्या हंगामासाठी दोन खोल्या धरल्या. मावशींना तो वाघ पुन्हा पाहायचा आहे म्हणे. भाचा आत आला, माझी बॅग उचलली आणि परत माळ्यावर टाकली.

"काऊन बा?" मी म्हटलं. "बीपीचं काय?"

"गोळ्या चंद्रपूरहून आणतो. मशीन एकटी चालत नाई, मामा. तुमी बाजूले बसत जा. पण त्याले जास्ती वाढवू नका."

दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, निघाले काय?"

"कसा निघू, माय? मोहर्लीच्या स्टँडवर वाघ बसला हाय. एसटीले वळाले जागा नाई."

फोनवर तिच्या ऑफिसातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मग तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"केवढा हाय?" ती म्हणाली.