राजाची वकील संध्या

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, आमच्या भागात, एक वादविवाद ठरला. विषय होता, वसाहतींनी इंग्लंडपासून फुटायला हवं होतं का? इंग्लंडच्या राजाची बाजू घ्यायला एकही गोरा तयार होईना. शेवटी लायब्ररीत काम करणारी माझी मैत्रीण संध्या वैरागडे म्हणाली, "मी बोलते."

मूळची नागपूरची. घरात शेवटचा शब्द कायम तिचाच. एरवी मी तिची भरपूर खेचली असती, पण तीन आठवड्यांपूर्वी तिची मुलगी आन्या घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

आन्याला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि ॲन आर्बरलाही. फॉर्म आईने भरलेले, पासवर्ड आईकडे. आपल्याकडे कुठल्या घरात वेगळं असतं? एका दुपारी संध्याने आन्याच्या नावाने कॅलिफोर्नियाला परस्पर नकार कळवला आणि ॲन आर्बरला होकार. पोरीला कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती.

"हा सरळ दरोडा आहे," मी तिला तोंडावर म्हटलं.

"तिच्या भल्यासाठीच केलं गं. ॲन आर्बर अर्ध्या तासावर आहे, डबा नेऊन देता येतो."

रोज ती आन्याला लांबलचक मेसेज पाठवायची. उत्तर येत नव्हतं. तिचं जेवण सुटलं होतं, लायब्ररीत पुस्तकं लावता लावता मध्येच रडायला लागायची. मला राग यायचा आणि कीवही.

वादविवादाला आन्या येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. मागच्या रांगेत बसली. तिला पाहिलं आणि संध्याने हातातले कागद बाजूला ठेवले.

ती इंग्रजीत बोलत होती. चुका झाल्या, मान्य आहे, म्हणाली. पण एका चुकीसाठी नातं तोडायचं? ज्यांनी इतकी वर्षं समुद्रावर पहारा दिला, तुमचा माल जगभर पोचवला, ते एका करामुळे वैरी झाले? आज फ्रान्स मदतीला धावेल, उद्या तोच मालक होऊन बसेल. घरातल्या घरात लढाई झाली तर दोन्हीकडे आपलीच माणसं मरतील. अजून एक अर्ज करा, अजून एकदा बोला. दार उघडंच आहे.

शेवटी तिला रडू फुटलं. लोकांना तो अभिनय वाटला. टाळ्या पडल्या. मी मात्र वळून आन्याकडे पाहिलं.

प्रश्नांच्या वेळी आन्या उभी राहिली. "डिड द किंग एव्हर से सॉरी?"

राजाने कधी माफी मागितली का, एवढंच. मला एकदम लक्षात आलं. ते सगळे मेसेज तिने मला कौतुकाने वाचून दाखवले होते. त्यांत कारणं होती, काळजी होती, शपथासुद्धा होत्या. तो एक शब्द कुठेच नव्हता.

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "नाही मागितली."

आन्याने मान हलवली आणि खाली बसली.

मग मतदान झालं. स्वातंत्र्याच्या बाजूने कोण? आन्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला. हात मोजत बसले तोवर तिने बॅग उचलली आणि ती दाराकडे निघाली.

संध्याने व्यासपीठावरून आपलाही हात वर केला. लोक हसले, राजाची वकीलच फुटली म्हणून. "चुकलं गं माझं, आन्या," ती मराठीत ओरडली.

दार तोवर बंद झालं होतं.