अण्णांच्या हातची वेणी

आज सकाळी बसथांब्यावर एक बाप आपल्या चिमुरडीची वेणी घालत होता. पेड सारखे सुटत होते, तरी तो नेटाने पुन्हा घालत होता. मला माझे वडील, अण्णा, आठवले. युद्धात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. आई पहाटेच दवाखान्यात कामाला जायची, म्हणून उरलेल्या तीन बोटांनी ते माझ्या वेण्या घालायला शिकले. एकदा मी विचारलं, “अण्णा, हात दुखतो का हो?”

“दुखतो कधी कधी. पण माझ्याबरोबरचे कितीतरी जण घरी आलेच नाहीत गं. मला लेकीची वेणी घालायला मिळतेय.”

अण्णा ब्याण्णव वर्षं जगले. रोज उठल्यावर आईला म्हणायचे, “चला, आजचाही दिवस मिळाला.” तो दिवस खरं तर आम्हाला मिळत होता.