आत्याच्या उजव्या हाताखालची अक्षरं

आत्या शेवटी भ्रमिष्ट झाली नव्हती.

काल घरी आलेले बरेच जण तसं बोलत होते, म्हणून लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात आत्या गांधीबागेत, एका कापड दुकानाच्या माडीवरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. माझी आई तिची विद्यार्थिनी. वहिनी नंतर झाली.

शिकणाऱ्या पोरींच्या हातांवर आत्या फडकं टाकायची. बटणांकडे बघायचं नाही, हा नियम.

आई एकदा फडकं उचलताना सापडली.

"काहून वं, बोटं पळून जाऊन राहिली का तुही? समोर पाह्य!"

पुढे लॅपटॉप आला, तरी आत्या तशीच टाइप करायची. बोटांकडे नाही, स्क्रीनकडेही नाही.

मागच्या आठवड्यात ती आयसीयूत होती. घशात नळी. बोलणं बंद. हातात पेन ठरत नव्हतं.

म्हणून तिच्या मुलाने, प्रशांतदादाने, तिचा जुना छोटा लॅपटॉप नेला. तिच्या पोटावर ठेवला.

तिने छताकडे बघत टाइप केलं:

0a3e ghar5 ne

"माय, हे आकडे काहून टाकून राहिली तू?"

तिने पुन्हा तेच टाइप केलं. मग पुन्हा. स्क्रीन भरली.

डॉक्टर म्हणाले, पेशंट कन्फ्यूज्ड आहे.

लॅपटॉप काढून घेतला, तेव्हा तिने हात झाडले. नळी निघेल म्हणून हात पलंगाला बांधले. झोपेचं इंजेक्शन दिलं.

दादाने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. मी कोराडीला, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट संपल्यावर पाहिला.

तशा जुन्या लॅपटॉपवर नम लॉक, म्हणजे आकड्यांचं बटण, सुरू झालं, की उजव्या हाताखालची काही अक्षरं आकडे होतात. एमच्या जागी शून्य येतो. एलच्या जागी तीन. आयच्या जागी पाच. बाकीची अक्षरं तशीच राहतात. ते बटण सुरू कसं झालं, माहीत नाही. कुणाचाही हात लागू शकतो.

आत्याचं एकही बोट चुकलं नव्हतं.

मी फोन केला. "दादा, ती म्हणून राहिली, मले घरी ने."



तो म्हणाला, "मले वाटलं डोकं गेलं तिचं. मीच हो म्हटलं ना, हात बांधा म्हणून."

मी पोचले, तेव्हा हात सोडलेले होते. मनगटांवर वळ होते. मी कानाशी वाकून सांगितलं, "आत्या, वाचलं आम्ही."

ऐकू जातं का, विचारलं. नर्स म्हणाली, सांगता येत नाही.

ती पुन्हा जागी झाली नाही.

परवा तिला घरी आणलं. तिने सांगितलं म्हणून नाही. दवाखान्यात ठेवायचं कारण उरलं नव्हतं म्हणून.

आत्या, शेवटचा जयभीम.