सिलिंडरखालची फरशी

प्रताप नगरचं घर विकून आम्ही दोघं नागपूरपासून तासाभरावरच्या एका तालुक्याच्या गावी, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला आलो. जाहिरातीत तिथल्या घरांना व्हिला म्हणतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं हातभर अंगण. व्हिला म्हटल्यानं भिंती काही लांब सरकत नाहीत. मुलगा बंगळुरूला. नवऱ्याला जुन्या घरातला जिना झेपेना, आणि त्याआधीपासूनच त्यांना गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या.

वास्तुशांत मी केली नाही. होमापुढं तीन तास यांना बसवणार कोण? मध्येच उठून "हे कोणाचं लगन हाय?" असं त्यांनी भटजींना विचारलं असतं, आणि चारचौघांत मला ते सोसलं नसतं. खरं कारण हे. लोकांना मी सांगितलं, दोन माणसांचं घर, कशाला एवढा पसारा.

त्यात माझी एक सोयही झाली. माझ्या जिभेला हाड नाही. सासूबाई जन्मभर बजावत आल्या, "घरात वाईटसाईट बोलू नको वं, वास्तू तथास्तु म्हणते." इथं वास्तू बसवलीच नाही, तर तथास्तु म्हणणार कोण? चाळीस वर्षांनी मी मनाला येईल ते बोलू लागले.

हे तुळशीला पाणी घालत. घातलं हे विसरून पुन्हा घालत. "सडून जाईल ती," मी म्हणाले. आठवड्यात सडली. एवढ्या पाण्यानं सडणारच होती. मग शेजारच्या बाईंचा टीव्ही. सकाळपासून भजनं, मधली भिंत थरथरायची. "बंद पडो मेला एकदाचा," मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले. दोन दिवसांनी भिंत गप्प. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. त्या शांततेत माझा चहा तसाच निवून गेला. म्हाताऱ्यांच्या वसाहतीत कोणी ना कोणी पडायचंच, अशी मी मनाची समजूत घातली.

नवऱ्याचा मात्र एकच प्रश्न, "घरी कधी जाऊन राहिलो आपण?" दिवसातून वीस वेळा. एकदा तिन्हीसांजेला दिवा लावताना माझं डोकं फिरलं.

"आता कुठंच जायचं नाही. जायचं ते वरच. आणि तुम्ही जा आधी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. डॉक्टरांना काही सापडेना. प्रश्नही थांबला. चपला घालून, दाराकडे तोंड करून ते तासन् तास बसायचे. कोणीतरी न्यायला येणार आहे, असं ते बसणं होतं.

चौथ्या दिवशी झाडूपोछा करणाऱ्या बाईनं स्वयंपाकघरातला सिलिंडर सरकवला. खालची एक फरशी वेगळी होती, जरा पिवळट.

"ही का बदलली असेल?" मी विचारलं.

"वास्तू हाय ना तिच्याखाली. आधीच्या काकूनं बसवली होती. पंगतीले मीच तं वाढलं."

"आणि त्या काकू कुठं असतात?"

"काका इथंच गेले. मंग काकूले पोरगा घेऊन गेला."

आमच्या आधी इथं कोण राहत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. इतके महिने ओट्याशी उभी राहून मी जे जे बोलले, ते सगळं पायाखाली ऐकलं जात होतं. तुळस, टीव्ही, आणि ते तिसरं.

संध्याकाळी मी त्या फरशीवर निरांजन ठेवलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि हात जोडले. "त्या दिवशीचं माझं बोलणं धरू नको. यांना ठेव. रागात बोलले, मनातून नाही." तेवढंही खोटं होतं. त्या क्षणी ते मनातूनच आलं होतं. मी थकले होते आणि मला सुटायचं होतं. तेही मी सांगून टाकलं. तिच्यापासून काय लपवायचं?

मागं चपलांचा आवाज आला. हे दारात उभे होते.

"कोणाशी बोलून राहिली वं?"

"घराशी."

"कोणाच्या?"

चार दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"आपल्या," मी म्हणाले. इथं आल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि कान फरशीकडे लावून तथास्तुची वाट पाहत राहिले.